सोनाटा, मधला भात आणि डोंबिवली

आमच्या मिरजेतल्या ज्या मंडळींनी अजून ठाणे-डोंबिवलीकडे पाऊल टाकलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी तिकडे गेलो तो पियानोवर बोलायला. त्याआधी पियानो मी जवळून दोनदाच पाहिलेला. एकाच्या डोक्यावर फुलदाणी होती, दुसऱ्याच्या डोक्यावर मांजर. पण निवेदन करायला बोलावलं की मी विषय विचारत नाही. मिरज जंक्शनवरची घोषणेची यंत्रणा बिघडली तर मला घरून बोलावून नेतात, हे मी सगळीकडे सांगतो. स्टेशनातले लोक नाही म्हणतात, पण ते सगळे बदलीवर आलेले.

माझी भाची रुचा डोंबिवलीत असते. दिवसा एका कंपनीत नोकरी करते आणि लहानपणापासून ठाण्याच्या एका बाईंकडे पियानो शिकते. डोंबिवलीत एक छोटं संगीत मंडळ आहे. ख्याल आणि नाट्यपदं यांच्यापलीकडे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी तिला एक संध्याकाळ देऊ केली. मंडळाचे चिटणीस दातेकाका यांची अट एकच: निवेदन मराठीत हवं, आणि आपण काय ऐकतोय ते माणसांना कळलं पाहिजे. रुचा एक सोनाटा वाजवणार होती.

"मामा, सोनाटाची बांधणी कशी असते ते तू लोकांना समजावून सांग," ती फोनवर म्हणाली. "आणि एक नक्की सांग. मधे टाळ्या वाजवू नका म्हणावं. बाकी काय फेकायचं ते फेक."

त्या 'नक्की'मागचं कारण मला बहिणीने सांगितलं. गेल्या वर्षी एका समारंभात रुचा वाजवत होती. मधे एक विराम आला, लोकांना वाटलं संपलं, आणि टाळ्या पडल्या. तिचे हात थांबले. पुढचं काही केल्या आठवेना. ती उठून आत गेली ती गेलीच. त्यानंतर बाईंची खोली सोडून तिने कुठेही वाजवलं नव्हतं. या वेळी परत तसं झालं तर पियानो कायमचा झाकून ठेवीन, असं तिने आईला सांगून टाकलेलं.

मी जबाबदारी ओळखली. मिरजेच्या वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. ते इतकं जुनं होतं की उघडल्यावर घरातल्या झुरळांनी स्थलांतर केलं. त्यातून मी निवेदन रचलं आणि निघालो.

ठाणे

सकाळी उतरलो. रुचा घ्यायला आलेली. आधी मिसळ. आमच्याकडची मिसळ खाल्ली की माणूस बायकोचं नाव विसरतो. ठाण्याची खाऊन फार तर शेजाऱ्याचं विसरेल, अशी माझी समजूत. तिसऱ्या घासाला माझ्या कानांतून जी वाफ निघाली तिने समोरच्या बाकावरच्या गृहस्थांचा चष्मा धुरकटला. त्यांनी तो शांतपणे पुसला आणि स्वतःच्या बशीतला पाव माझ्याकडे सरकवला. अनोळखी माणसाला आपला पाव देणारं गाव वाईट असणं शक्य नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

बाईंचं घर तलावाच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि नजर अशी की दारात काढलेल्या चपला मी परत जाऊन सरळ लावल्या. मी भडंगाची पिशवी दिली. त्यांनी ती उघडून एक बोकणा भरला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता निवेदन म्हणून दाखवा."

मी खाकरलो. "रसिकहो, सोनाटा म्हणजे तीन खणांचं कपाट. पहिल्या खणात दोन धुनी. एक धून पुरुष: बाणेदार, मिशीला पीळ. दुसरी स्त्री: लाजरी, पदर सावरणारी. मधल्या खणात दोघांचं वाजतं, भांडी आपटतात. तिसऱ्या खणात ती नमतं घेऊन त्याच्या घरी नांदायला येते."

रुचाने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे पंचांग कुठल्या सालचं?"

"मामा, हे एकोणिसाव्या शतकातलं आहे रे," रुचा म्हणाली. "आता असं कोण बोलतं?"

"आमच्याकडे अजून सर्रास बोलतात," मी म्हटलं.

"संसाराबद्दल बोलत असतील," बाई म्हणाल्या. "बसा. सांगते."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. त्यांच्या शब्दांत ते निम्म्या वेळात झालं होतं.

अठराव्या शतकात, म्हणजे हे सोनाटे ताजे ताजे रचले जात होते तेव्हा, त्यावर लिहिणारे पंडित धुनींबद्दल फारसं बोलतच नव्हते. ते पट्टीबद्दल बोलत. रचना एका पट्टीत सुरू होते, ते तिचं घर. तिथून ती शेजारच्या पट्टीत जाते, तिथे मुक्काम करते. मग आणखी भटकते आणि परत घरी येते. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, ते ही मंडळी वाक्यातल्या स्वल्पविराम-पूर्णविरामांसारखं समजावत. सगळा जमाखर्च जाण्यायेण्याचा. तीन खणांचं कपाट त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

"मग कपाट केलं कुणी?" मी विचारलं.

"पुढच्या शतकातल्या मास्तरांनी. मुलांना रचना शिकवायची होती ना? तुम्ही उकडीचे मोदक हाताने वळलेले पाहिलेत?"

"खाल्लेत. एका बैठकीत किती, ते सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही."

"नाहीच ठेवणार. तर आधी ते मोदक हातानेच वळत. नंतर कुणीतरी साचा काढला. सोय झाली, शिकणाऱ्याला धीर आला. पण काही वर्षांनी लोक साच्यातला मोदक हातात घेऊन आजीच्या मोदकाला म्हणायला लागले, हा जरा वाकडा झालाय. तसं झालं. एका मोठ्या रचनाकाराच्या कामावरून साचा काढला आणि त्याच्या आधीच्यांना लावून पाहिला. एक जण तर दुसऱ्या धुनीच्या जागी पहिलीच धून परत आणायचा, फक्त पट्टी बदलून. त्याला म्हणाले, याचं काहीतरी राहून गेलं."

"एकपत्नी होता म्हणायचं."

"मामा," रुचा म्हणाली.

विसाव्या शतकात बाईंसारख्यांची सुटका झाली. काही अभ्यासक म्हणाले, साचा बाजूला ठेवा आणि प्रत्येक रचना कानांनी ऐका. हा खणांचा हिशोब नव्हे, हे नाट्य आहे. त्यातलं मर्म बाईंनी एका वाक्यात सांगितलं, ते मी तिथेच मनात गाठ मारून ठेवलं: जे परगावी म्हटलं, ते शेवटी घरी येऊन म्हणायचं. तोपर्यंत जिवाला चैन नाही.

"मी स्वतः कपाटच शिकले," बाई म्हणाल्या. "आणि कितीतरी वर्षं मुलांना कपाटच शिकवलं. नवी पुस्तकं हाती आली तसं बदलत गेले. कपाट चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. आता मी सांगते तेही कुणीतरी अपुरं ठरवेलच. ठरवू दे. चला, पानं घेतली आहेत."

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. बिरड्याची, म्हणजे सोललेल्या वालांची, उसळ अशी की माझ्या जिभेने सकाळी मिसळीवर दिलेला राजीनामा मागे घेतला. पोळ्या झाल्या. मग बाईंनी पांढरा भात वाढला, त्यावर कढी. आमच्याकडे पोळीनंतर भात आला की जेवण संपलं. मी तो भात जीव ओतून जेवलो, पान स्वच्छ केलं, पोटावरून हात फिरवला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "अन्नदाता सुखी भव."

बाईंनी स्वयंपाकघरातून पुऱ्यांचं ताट आणलं. मागोमाग श्रीखंड.

"हा मधला भात होता," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रुचा पाण्याच्या भांड्यात हसत होती.

"बाई, हा दगा आहे."

"हा सोनाटा आहे. रुचा वाजवणार त्यात नेमकं हेच आहे. मधल्या भटकंतीत एकदम पहिली धून परत येते. ऐकणाऱ्याला वाटतं, आलो घरी. पण पट्टी घरची नसते. दार आपल्यासारखं, घर दुसऱ्याचं. क्षणभर थांबून ती तिथून सटकते आणि खरं घर नंतर येतं."

मग श्रीखंड खाता खाता त्यांनी अगदी अलीकडच्या अभ्यासकांचं सांगितलं. त्यातले काही म्हणतात, प्रत्येक ओळच आपली जागा सांगते. मी सुरुवातीची, मी मधली, मी निरोपाची. डोळे मिटून जेवणाऱ्यालासुद्धा ताकभाताचा घास लागला की कळतं ना, पंगत उठायला आली? आणि दुसरे काही म्हणतात, रचणाऱ्याला प्रथा माहीत आहे, ऐकणाऱ्यालाही ती माहीत आहे, आणि रचना म्हणजे त्या दोघांमधलं बोलणं. प्रथा मोडली तर ती चूक नव्हे, तोही एक शब्दच.

"तुम्ही भात संपवून अन्नदाता म्हणालात, कारण तुम्हाला पंगत कळते," बाई म्हणाल्या. "ज्याला पंगत कळत नाही त्याला कोण फसवणार? म्हणून सांगते, डोंबिवलीच्या लोकांना गप्प बसा म्हणू नका. माझ्या खोलीत आजवर सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसले. त्या चकव्याच्या जागेला कुणी फसलं नाही, कारण कुणी काही अपेक्षाच केली नव्हती. ते लोक आयुष्यभर मुखडा समेवर येण्याची वाट बघत आलेत. त्यांना दाद देऊ द्या."

रुचाचं हसू गेलं. "बाई, त्या जागेला टाळ्या पडल्या तर मी थांबेन."

"थांब की. तिथे विरामच आहे."

"आणि पुढचं नाही आठवलं तर?"

यावर बाईंनी तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

कळव्याचा पूल आणि कल्याण

रात्र ठाण्यालाच काढून दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला पियानो आणायला निघालो. रिक्षा कळव्याच्या पुलावर आली. खाली खाडी भरतीला लागलेली, पाणी उलटं आत शिरत होतं, आणि एक माणूस होडीत उभा राहून मोबाइलवर बोलत होता. आमच्या कृष्णेला एकच दिशा माहीत. हे पाणी मात्र रोज जातं आणि रोज परत येतं. म्हटलं, ही खाडी सोनाटा कोळून प्यालेली आहे.

"मामा, तू सांगणार आहेस ना?" रुचाने विचारलं. "टाळ्यांचं?"

"बाई तर..."

"बाईंना वाजवायचं नाहीये. मला वाजवायचंय. मागच्या वेळी मी आत गेलेले ना, तेव्हा मला लोक नाही आठवत. फक्त पट्ट्या आठवतात. काळ्या-पांढऱ्या नुसत्या. कशाचाच काही अर्थ लागत नव्हता."

मी थापा मारतो, पण भाचीला नाही. "सांगेन," म्हटलं. "शब्द दिला."

कल्याणात एका कुटुंबाकडे भाड्याने मिळणारा उभा पियानो होता. घरच्या बाईंनी आधी चहा, मग सोलकढी, मग पुन्हा चहा दिला. आमच्या पोटात तिन्हींची ओळखपरेड चालू असताना टेम्पोवाला आला. तिथल्याच जुन्या गावातला आगरी गडी, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने पियानोला एक धक्का देऊन पाहिला.

"मामा, या पेटीन काय लोखंड भरलाय का?"

"आत शे-दोनशे तारा आहेत," मी म्हटलं, "आणि माझ्या भाचीची अब्रू."

"मंग दोरी डबल बांधतंय."

त्याने खरोखर दुहेरी दोरी बांधली आणि पियानो लग्नातल्या करवलीसारखा जपून नेला. तरी घाऊक बाजाराजवळच्या गर्दीत एका गतिरोधकाला चाक चढलं आणि पियानोच्या पोटातून सगळ्या तारा एकदम हुंकारल्या. शेजारच्या ट्रकवरून कोथिंबिरीची एक अख्खी जुडी दचकून खाली पडली. रुचा म्हणते, ती आधीपासून पडलेली होती. तिला शास्त्र कळतं, कोथिंबीर कळत नाही.

डोंबिवलीला पोचून पियानो हॉलमध्ये लावला, सूर मिळवणारा माणूस येऊन गेला, आणि मग लक्षात आलं की पियानोपुढचं स्टूल कल्याणलाच राहिलं आहे.

डोंबिवली

डोंबिवलीचा श्रोता हा वेगळा प्राणी आहे. आमच्याकडे कार्यक्रमाला लोक उशिरा येतात आणि गवयाने आधी सुरुवात केली तर रागावतात. इथे दारं उघडण्याआधी रांग होती, आणि रांगेत वाद चालला होता की पियानोवर मींड काढता येते का. चपला बाहेर, पुढे गाद्या, मागे खुर्च्या. पहिल्या गादीवर दातेकाका, मांडी घालून, उजवा हात गुडघ्यावर तयार. त्यांच्या शेजारी एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर बाई.

स्टुलाच्या जागी प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या एकात एक घातल्या होत्या. रुचा त्यावर बसली. मनोरा हलकेच करकरला आणि ती बोटभर खाली गेली. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की खालच्या वडेवाल्याच्या कढईतला चुरचुर आवाज ऐकू आला. रुचाचे कान लाल झाले.

दातेकाका शांतपणे म्हणाले, "चौथी देऊ का गं?"

सगळा हॉल हसला. आणि रुचाही हसली. "द्या, काका," म्हणाली. चौथी खुर्ची हातोहात पुढे आली. ती परत बसली, दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाली, "आता बरोबर. थँक्यू."

मी माइक घेतला. जुनं पंचांग ठाण्यालाच सोडलं होतं. म्हटलं, रसिकहो, ही बांधणी काय आहे ते समजून घ्यायला पंडितांना दोनशे वर्षांहून जास्त लागली आणि अजून काम चालू आहे. पहिले म्हणाले, हा प्रवास आहे. दुसरे म्हणाले, नाही, हा साचा आहे, आणि त्यांनी त्यात नवराबायको बसवले. तिसरे म्हणाले, साचा ठेवा बाजूला, हे नाट्य आहे, परगावी म्हटलेलं घरी येऊन म्हणायचं नाट्य. आणि आताचे म्हणतात, हे बोलणं आहे, आणि त्यातला निम्मा भाग तुमचा. तुम्ही एवढंच करा: पहिली धून नीट ऐकून ठेवा आणि तिची वाट बघा, मुखड्याची बघता तशी.

मग दिलेल्या शब्दाची पाळी आली. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आता शेवटची एक विनंती. वादन चालू असताना..."

"मामा," मागून रुचाचा आवाज आला. "ते राहू दे."

मी वळून पाहिलं. चार खुर्च्यांवर ती सरळ बसली होती. मी माइक ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडून खाली उतरलो.

तिने सुरुवात केली. पहिली धून आली, दोनदा, सगळ्यांच्या ओळखीची होईपर्यंत. मग ती वाट सोडून शेजारच्या पट्टीत गेली, तिथे दुसरी धून भेटली, मवाळ, लांब श्वासाची. मग भटकंती सुरू झाली. सूर काळोखे झाले, पायाखालची जमीन हलल्यासारखी, दातेकाकांचा हात गुडघ्यावर अस्वस्थ. आणि एकदम, लख्ख, पहिली धून.

"वा," दातेकाका म्हणाले. हात गुडघ्यावर आपटला. मागच्या खुर्च्यांवरून "क्या बात है" आलं आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मनापासून, भरभरून, चुकीच्या घराच्या दारात.

रुचा थांबली.

विराम लिहिलेला होता, हे मला माहीत होतं. पण तो किती लांब लिहिलेला आहे हे माहीत नव्हतं. टाळ्या विरल्या. तिचे हात पट्ट्यांच्या वर अधांतरी. मला तिची नुसती पाठ दिसत होती. कल्याणहून आणलेला सगळा पियानो माझ्या छातीवर ठेवल्यासारखं झालं. बाईंनी मान वळवली नाही, फक्त त्यांचा अंगठा पर्सच्या कडीवर थांबला.

मग रुचाने मान किंचित फिरवून हॉलकडे एक नजर टाकली. अगदी बाईंनी पुऱ्यांचं ताट आणताना टाकली होती तशी. आणि तिने पुढचा सूर वाजवला. तो घरचा नव्हता. धून पायरीवरूनच वळली आणि भलत्याच गल्लीत शिरली.

"अरे, फसवलं की हिने," दातेकाका मोठ्याने म्हणाले, आणि हॉलभर हसू फुटलं. रुचाचे खांदे हलत होते. ती हसत होती आणि वाजवत होती, एकाच वेळी, आणि चारही खुर्च्या तिच्याबरोबर करकरत होत्या.

त्यानंतर खरी धून खऱ्या घरी आली तेव्हा एकाने टाळी वाजवली असेल तर शपथ. लोक पोळलेले होते. संशयाने ऐकत होते, माना पुढे काढून. मग ती दुसरी, मवाळ धून आली. मघाशी परक्या पट्टीत भेटलेली, आता घरच्या पट्टीत. दातेकाकांचा हात गुडघ्यावर टेकला, आवाज न करता, आणि तिथेच राहिला. शेवटचा सूर संपल्यावर त्यांनी आधी बाईंकडे पाहून खात्री करून घेतली. बाईंनी मान हलवली. मग जे झालं ते कळव्यापर्यंत ऐकू गेलं, आणि या बाबतीत मी कमी सांगतो आहे.

बटाटेवडे आणि कॉफीच्या गर्दीत रुचा बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला मधेच धरलं.

"ती थट्टा एका माणसाने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर ती मुलांकडून बिनचूक वाजवून घेतली. लोक हसलेले आज पहिल्यांदा ऐकले."

दातेकाका वडा घेऊन आले. "पुढच्या वर्षी परत ये गं. आता आम्ही सावध आहोत."

"म्हणूनच येईन," रुचा म्हणाली.

मिरज

परत आलो त्या रात्री बायकोने पान वाढलं. पोळ्या झाल्या, भात आला, वर ताक. ठाण्याच्या मिसळीपासून डोंबिवलीच्या वड्यापर्यंत सगळं मी तिला सांगितलं. कोथिंबिरीची जुडी तोवर टोपलीभर झाली होती, तिने ती न बोलता ऐकून घेतली. भात संपला. मी तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"काय हवंय?"

"आत अजून काही आहे का?"

"काही नाही. झालं जेवण."

"नक्की?"

"अहो, नक्की."

मग मी सावरून बसलो. तो पाव देणारे चष्मेवाले गृहस्थ, दुहेरी दोरी बांधणारा तो गडी, चौथी खुर्ची देणारे दातेकाका, आणि ज्यांच्या पंगतीत मी मधल्या भाताला उठायला निघालो होतो त्या बाई, सगळ्यांची आठवण काढली, आणि ठाण्याला चुकीच्या जागी म्हटलेलं वाक्य घरी, ताकभातावर, हळू आवाजात म्हटलं.

"अन्नदाता सुखी भव."